हॉलंडचा दोरा

आमच्या शाळेत कुणी थाप मारली की पोरं म्हणतात, "हॉलंड लावू नकोस." परवा जेवताना माझा नातू आपल्या बहिणीला तसंच म्हणाला. मी विचारलं, "म्हणजे काय रे?"

"म्हणजे थापा मारू नकोस."

"पण मग हॉलंडच का?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या मास्तरांनाही नसणार. शब्द तेवढा राहिला आणि ज्या माणसामुळं तो आला तो माणूस पुसला गेला. तो माणूस थापाड्या होता, असा त्या शब्दाचा अर्थ होतो. तसं नव्हतं. हे सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलोय असं मला वाटत होतं. तेही खरं नव्हतं, पण ते पुढं येईल.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या सुमारास मी त्या शाळेत दुय्यम शिक्षक म्हणून लागलो. गणित माझ्याकडे आणि गरज पडेल तेव्हा खालच्या वर्गांचा भूगोल. वरच्या वर्गांचा भूगोल त्या माणसाकडे, आमच्या सरांकडे. सर पन्नाशी ओलांडलेले, अंगानं शिडशिडीत, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि गळ्यात लाल लोकरीचा मफलर. मफलर उन्हाळ्यातसुद्धा. मला ते पहिल्या दिवसापासून "धाकटे" म्हणायचे. "या धाकटे, बसा धाकटे." शाळेत दुसरं कुणी मला तसं म्हणत नव्हतं, आणि पुढं कुणी म्हटलंही नाही.

भूगोलाची खोली शाळेच्या मागच्या अंगाला होती. खिडक्या पश्चिमेकडे. दुपारच्या तासाला ऊन हळूहळू बाकांवरून सरकत मागच्या भिंतीवर चढायचं, आणि त्या भिंतीवरचे दोन दोरे उजळायचे. एक लाल, एक निळा. भिंतीवर डावीकडून उजवीकडं खिळे मारलेले, एकेका वर्षाला एकेक. लाल दोरा इंग्लंडचा, निळा हॉलंडचा. त्या त्या वर्षी त्या देशानं बाहेरून मऊ लाकूड किती आणलं, माणशी किती, त्या मानानं खिळा वर किंवा खाली. मऊ लाकूड म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडांचं. आपल्याकडं यंत्रं ज्या खोक्यांतून येतात ते, देवदारी म्हणतो आपण.

हे दोन देशच का, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "दोघांनीही गलबतं बांधायला आपापलं रान खाल्लं, धाकटे. आता दोघंही दुसऱ्याच्या रानावर जगतात. रान खाऊन बसलेली माणसं पुढं कशी वागतात, ते मला बघायचंय."

शास्त्राच्या मास्तरांनी चहाच्या वेळी त्यांना छेडलं, "पण सर, याचा कोल्हापूरला उपयोग काय?"

"काही नाही," सर म्हणाले. "रोज संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर जाऊन बसता, त्याचा काय उपयोग होतो?"

आकडे आणायला ते मे महिन्यात पुण्याला बहिणीकडं जात आणि तिथल्या एका ग्रंथालयात दिवसभर जाडजूड वार्षिकं उलटत बसत. आकडे यायचे ते शिळे, मागल्या किंवा त्याच्याही मागल्या वर्षाचे. जूनमध्ये शाळा उघडली की भूगोलाच्या पहिल्या तासाला नवा खिळा. हा तास मी पाहिला नसता तर खरा वाटला नसता. वर्गाच्या दोन तालमी झालेल्या असत. खिडकीकडची बाकं इंग्लंडची तालीम, भिंतीकडची हॉलंडची. सर शिडीवर चढत, हातात दोरा आणि तोंडात खिळा. खाली पोरं ओरडायला लागत.

"वर घ्या सर, वर!"

"हॉलंडचा पट्ठ्या उठला रं!"

"उठतोय कसला, चितपट हाय!"

हॉलंडच्या बाजूला पोरं जास्त. देश लहान, म्हणून कोल्हापूरच्या पोरांचा जीव त्याच्यावर. खिळा बसला की सर शिडीवरच उलटे वळत आणि त्या खिळ्याचा अर्थ सांगत. "इंग्लंड चढलं. म्हणजे बाँबनं पडलेली घरं उभी राहताहेत. पण बघा, दोरा अडखळतोय. तिथं लाकडाला चिठ्ठी लागते, आपल्याकडं साखरेला लागत होती तशी. घर बांधणारा माणूस चिठ्ठी हातात घेऊन रांगेत उभा आहे. त्याची मुलगी विचारतेय, बाबा, माझी खोली कधी होणार?" पोरं गप्प व्हायची. खिळ्याच्या जागी त्यांना ती मुलगी दिसायची. मलाही दिसायची.

इंग्लंडच्या दोऱ्याची लाल लोकर कधीच संपली होती. एकदा मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकू हसत म्हणाल्या, "तुमच्या सरांचा मफलर इंग्लंड खातंय बघा." तेव्हा लक्षात आलं. दर जूनला मफलरचं एक टोक उसवायचं, तेवढा मफलर आखूड व्हायचा आणि इंग्लंड पुढं सरकायचं. मी पाहिला तेव्हा तो गळ्याभोवती जेमतेम एक वेढा घेत होता.

सर पुण्यापलीकडं कधी गेले नव्हते. समुद्र त्यांनी पाहिला होता की नाही, ठाऊक नाही. पण डोळे मिटून उत्तरेकडची रानं सांगायला लागले की खोलीत गारवा यायचा. बर्फाखाली दबलेली नदी, काठावर रचलेले ओंडके, वसंतात बर्फ फुटतं आणि ओंडके एकमेकांना धक्के देत समुद्राकडं निघतात. "येतोय आवाज?" ते विचारायचे. सगळा वर्ग म्हणायचा, "येतोय सर." एकदा मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "न्हाय येत सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडं अजून बर्फ फुटलं नसेल."

आणि त्या भिंतीवर एक जागा होती जिथं निळा दोरा ताणलेला नव्हता. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होतं त्या वर्षांचे आकडे सरांना कुठंच मिळाले नव्हते. तिथं खिळे नव्हते. अलीकडच्या खिळ्यापासून पलीकडच्या खिळ्यापर्यंत दोरा सैल सोडलेला, झोळीसारखा लोंबता. दुपारचा वारा आला की तो हलायचा. शिकवता शिकवता सर थांबायचे आणि म्हणायचे, "बघा, हॉलंड श्वास घेतंय."

मी गणिताचा माणूस. मला ते खुपायचं. मी म्हणालो, "सर, दोन खिळ्यांमधून सरळ रेघ काढावी. अंदाज तरी येतो."

"ज्याला अंदाज हवा त्यानं मनात काढावी," सर म्हणाले. "भिंतीवर ताणलेला दोरा म्हणजे मी बघितलेलं. जे बघितलं नाही ते लोंबू द्यायचं."

रविवारी सकाळी ते उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, जात. तिथं इंजिनांचे भाग खोक्यांतून यायचे, आणि एक गृहस्थ ती रिकामी खोकी विकत घेऊन फोडायचा आणि फळ्या विकायचा. सर फळी उचलून नाकाशी धरत, डोळे मिटत. एकदा मी बरोबर होतो. तो गृहस्थ म्हणाला, "मास्तर, फळी घ्यायची हाय का नुसता वास?"

"नुसता वास."

"मग घ्या की निवांत. वासाला कोण पैसं घेतंय? आन् ह्ये पावणं कोण? ह्येंनाबी वास पायजे व्हय?"

सरांनी फळी माझ्या नाकाशी आणली. राळेचा गोडसर, थंड वास. "ही उभी होती तेव्हा तिच्यावर बर्फ पडत होतं," सर म्हणाले. आजूबाजूला लोखंडावर घण पडत होते. मला खरोखर क्षणभर ते ऐकू येईनासे झाले.

हे सगळं त्या खोलीवर उभं होतं, आणि खोली जाणार अशी बातमी आली. हेडमास्तरांना ती सूतकताईच्या वर्गाला हवी होती. वरून तसं दडपण होतं, असं ते म्हणत. सरांनी बरीच गयावया केली, जी त्यांच्या स्वभावात नव्हती. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "तपासणीला साहेब येताहेत. त्यांना खोली पटली तर राहील. नाही पटली तर माझा नाइलाज." सरांनी भिंतीकडं बघितलं. खिळ्यांची रांग एवढी लांब होती की दुसऱ्या कुठल्या भिंतीवर मावणार नव्हती. भिंत गेली असती तर दोरे गेले असते.

तपासणी जवळ आली की त्या काळी शाळेत काय चालायचं ते सांगायला नको. चुना, गेरू, वाढलेली झाडं छाटणं, फुटक्या काचांवर कागद. हेडमास्तर सगळीकडं फिरून सांगत, "नीटनेटकं दिसलं पाहिजे. कुठं काही लोंबता कामा नये." मला त्यांनी भूगोलाच्या खोलीवर नेमलं. शनिवारी शाळा सकाळचीच. सर घरी गेले होते. मी नकाशे झटकले, पृथ्वीचा गोल पुसला, आणि मग माझं लक्ष त्या झोळीकडं गेलं. सगळी भिंत ताठ आणि तेवढं एक लोंबतंय. साहेबाला वाटेल दोरा निसटलाय, मास्तर आळशी आहे.

मी शिडी लावली. दोरा ओढून सरळ केला, मध्ये दोन खिळे मारले, उरलेला भाग मागं दुमडून दडवला. खाली उतरून बघितलं तर फार चांगलं दिसत होतं. मनात सरांची खोली वाचवायची एवढंच होतं. हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो, आणि ते खरं आहे, पण त्याच्या पुढचं सांगितल्याशिवाय त्या खरेपणाला अर्थ नाही.

सोमवारी साहेब आले. उंच, गोरे, बोलणं गोड. वर्ग उभा राहिला, बसला. सर दाराशी, मी कपाटाजवळ, हातात नकाशाची काठी. साहेबांना भिंत दिसली आणि ते खरोखर हरखले. सरांनी दोरे काय आहेत ते सांगायला सुरुवात केली. तोपर्यंत सरांनी स्वतः भिंतीकडं नीट पाहिलंच नव्हतं. साहेबांचं बोट निळ्या दोऱ्यावरून सरकत गेलं आणि युद्धाच्या वर्षांवर थांबलं.

"व्वा! हे बघा मुलांनो. एवढासा देश, शत्रूच्या टाचेखाली. पण दोरा जरासुद्धा वाकला नाही. लाकूड येतच राहिलं. याला म्हणतात शिस्त. लिहून घ्या."

दौतीत टाक बुडाले. हॉलंडच्या तालमीतली पोरं खुशीत एकमेकांना कोपर मारत होती. हेडमास्तर हसत होते. खोली वाचली होती.

सर भिंतीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, हे खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"ती वर्षं मला ठाऊक नाहीत. तिथं दोरा ताणायला नको होता."

टाक थांबले. साहेबांचा चेहरा उतरला. पोरांना त्यांनीच लिहून घ्यायला सांगितलं होतं. "मग ताणला कुणी?"

सरांनी त्या दोन खिळ्यांकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. वर्गातल्या प्रत्येक वस्तूकडं त्यांची नजर गेली, कपाटापाशी येऊन ती खाली जमिनीला लागली. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी नवा होतो, कायम व्हायचा होतो, हे सगळं त्या क्षणी मनात आलं असं मी म्हणणार नाही. मनात काहीच आलं नाही. मी काठी धरून उभा राहिलो.

"भिंत माझी आहे," सर म्हणाले. "जबाबदारी माझी."

"म्हणजे मुलांना तुम्ही खोटी माहिती दाखवता?" हेडमास्तर म्हणाले. साहेबांसमोर त्यांना काहीतरी म्हणणं भागच होतं.

साहेब शेजारच्या वर्गात गेले.

आठवड्याच्या आत खोली सूतकताईला गेली. सरांना खालच्या वर्गांचं शुद्धलेखन आणि नागरिकशास्त्र दिलं. वरच्या वर्गांचा भूगोल मला मिळाला. दोरे सरांनी स्वतःच काढले. दोन्ही एकत्र गुंडाळून कोटाच्या खिशात घातले आणि घरी निघाले. मधल्या सुट्टीत पोरं मैदानात होती. त्यातलं एक ओरडलं, "हॉलंड चाललं रं!" तिथून तो शब्द सुरू झाला. आधी सरांना उद्देशून, मग थाप मारणाऱ्या कुणालाही.

खडूची पेटी माझ्या हातात देताना सर एवढंच म्हणाले, "भूगोल चांगला विषय आहे, धाकटे. सावकाश शिकवा."

मी शिकवला. नद्या, पिकं, वारे. पहिल्याच तासाला मी पोरांना वह्या उघडायला सांगून साहेबांचं ते वाक्य खोडायला लावू शकलो असतो. दुसऱ्या तासालाही. पुढं मग ते फारच जुनं झालं.

सर निवृत्त होऊन जवळच्या उचगावला राहायला गेले. पुण्याला जाणं त्यांनी सोडलं होतं. पण रविवारी ते उद्यमनगरात यायचे, हे मला त्या खोकीवाल्याकडून कळलं. एका रविवारी ठरवून गेलो. सर एका खोक्यावर बसले होते, मांडीवर फळी. गळ्यात मफलर नव्हता, मान फार बारीक झालेली. मी शेजारी बसलो. त्यांनी फळी माझ्याकडं सरकवली.

"फिनलंडची असावी," ते म्हणाले. "किंवा स्वीडनची. सांगता येत नाही."

मी म्हणालो, "सर, त्या दिवशी—"

"बोलू नका, धाकटे. वास जातो."

त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, याचा अंदाज मी पुढं किती तरी वेळा बांधला. थोड्या वेळानं खोकीवाला चहा घेऊन आला आणि पाण्याच्या टंचाईवर बोलत बसला. तो उठेपर्यंत माझा धीर गेला होता. त्यानंतर पावसाळ्यात सर वारले. उचगावला गेलो तेव्हा गर्दी फार नव्हती.

आता मघाशी पुढं येईल म्हटलं ते. गेल्या महिन्यात शाळेचा मेळावा झाला. तपासणीच्या दिवशीच्या त्या वर्गातला एक विद्यार्थी मला न्यायला गाडी घेऊन आला. स्वतःच म्हातारा, गुडघे धरून चालणारा, उद्यमनगरात त्याचा ओतकामाचा कारखाना. मेळाव्यात कुणी तरी भाषणात हॉलंडचा विनोद केला आणि मांडव हसला. मीही हसल्यासारखं केलं. परत येताना गाडीत मी म्हणालो, "तो दोरा सरांनी ताणला नव्हता. मी ताणला होता."

तो गाडी चालवत राहिला. मला वाटलं ऐकलं नसेल.

"ठाऊक हाय की सर," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"शनवारी आमी तिघंचौघं खिडकीबाहेरच्या चिंचेवर हुतो. चिचा पाडत. तुमी शिडीवर चढून खिळं मारलासा, समदं बघितलं आमी."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी बोलतायसा का बघत हुतो." त्यानं एका सायकलवाल्याला वाट दिली. "तुमी गप. मग आमीबी गप. पुढं तुमीच भूगोल घ्याय लागलासा. मग कुठनं बोलतोय?"

"पण तुम्ही सगळे त्यांनाच 'हॉलंड' म्हणत होता."

"व्हय. पयला मीच वरडलो मैदानात." त्यानं गिअर बदलला. "बाकीच्यांनी वरडायच्या आधी म्या वरडलो. तू काय बघितलंस, आसं कुणी इचारू नये म्हणून. पोरगा हुतो ओ." मग म्हणाला, "सरांस्नी सांगितलंसा का न्हाय कधी?"

"नाही."

"म्याबी न्हाय."

माझ्या गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाडी थांबवली, पण दार उघडायला उतरला नाही. मी काठी हातात घेतली, तसा म्हणाला, "सर, एक इचारू का? मी हॉलंडच्या तालमीतला. त्या वर्षांत खरं काय झालतं ओ तिथं? लाकूड आलतं का न्हाय?"

संध्याकाळ होती. समोरच्या काचेवर ऊन आलं होतं आणि त्याचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. वर्गात प्रश्न विचारल्यावर पोरं जशी थांबतात तसा तो थांबला होता.

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "सरांनाही ठाऊक नव्हतं."